शाळा सर्वांची कशी होईल?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर बहुधा अधिकारी माणसे बोलतात. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा सुरू केली, तेव्हापासून व्यासंगी माणसाने बोलावे आणि नगरवासीयांनी ऐकावे, असा शिरस्ता पडलेला आहे. माझा अधिकार तेवढा नाही. मी शिक्षणशास्त्राची विद्यार्थिनी आहे. शिक्षिका व्हायची आहे, अजून झालेली नाही. तथापि जी माणसे उद्या तुमच्या मुलांसमोर खडू घेऊन उभी राहणार, त्यांच्या मनात आज काय चालले आहे ते गावाने ऐकावे, असे चालकांना वाटले. त्यांची ही इच्छा मला आज्ञेसारखी आहे. म्हणून उभी राहिले.

आमच्या अभ्यासक्रमात 'समावेशक शाळा' नावाचा एक विषय असतो. परीक्षेपुरती त्याची व्याख्या पाठ करणे अवघड नाही. पण शहागडसारख्या गावात उभे राहून त्या शब्दाकडे पाहिले, म्हणजे तो साध्या बोलीत सांगता येतो. गावातले प्रत्येक मूल गावातल्या शाळेत यावे, आलेले टिकावे आणि टिकलेले शिकावे. यावे, टिकावे, शिकावे. या तीन क्रियापदांत सगळा विषय आला. पहिल्याची पूर्तता कायदा बऱ्याच अंशी करतो. दुसऱ्याची गावाने करावयाची असते. तिसऱ्याची शिक्षकाने. या तिन्हींची एकमेकांशी गाठ कशी पडते आणि कोठे सुटते, एवढेच मला आज मांडावयाचे आहे.

प्रथम थोडे मागे जाऊ. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला बाहेर ठेवायचे, हा प्रश्न आपल्या गोदाकाठाला नवा नाही. ही गोदावरी आपल्याकडे येते ती पैठणावरून. तेथून जवळचे आपेगाव हे ज्ञानदेवांच्या पूर्वजांचे गाव. संन्याशाची मुले म्हणून त्या चार भावंडांना समाजाने पंक्तीबाहेर ठेवले आणि शुद्धिपत्र आणण्यासाठी त्यांना पैठणच्या ब्रह्मवृंदाकडे जावे लागले, अशी परंपरेची कथा आहे. अपराध असलाच तर आईबापांचा. शिक्षा मात्र मुलांना. पुढे त्याच पैठणात एकनाथ झाले. गोदेच्या तापल्या वाळवंटात रडत असलेले अस्पृश्याचे पोर त्यांनी कडेवर घेतले आणि त्याच्या घरी नेऊन पोचविले, ही कथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. या कथांची ऐतिहासिक छाननी विद्वानांनी करावी. माझ्यासारखीला त्यातून एवढेच दिसते की, एकाच नदीच्या एकाच काठाने मुलांना दूर लोटणारी माणसे पाहिली आणि उचलून घेणारी माणसेही पाहिली. आपण कोणाच्या वारशाने चालावे, हा प्रश्न प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागतो.

शाळेच्या बाबतीत महाराष्ट्रात तो प्रश्न प्रथम धैर्याने सोडविला जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली; मागोमाग १८५२ पर्यंत महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा निघाली. या शाळांचे फळ काय, असे कोणी विचारले तर मुक्ता साळवे हे नाव सांगावे. सुमारे चौदा वर्षांच्या या मातंग मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. ज्यांच्या सावलीचा विटाळ होत होता, त्यांच्यातली एक मुलगी तीन-चार वर्षे शिकताच सगळ्या समाजाला जाब विचारू लागली. मुलांत बुद्धी नव्हती असे नाही. शाळेला दार नव्हते.

पुढे १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनी दोन गोष्टी आग्रहाने मांडल्या. निदान बाराव्या वर्षापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे ही एक. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत ही दुसरी. या दुसऱ्या मागणीकडे आपले लक्ष कमी जाते. मुलाच्या घरची चूल, त्याच्या रानातला हंगाम, त्याच्या बोलीतला शब्द ज्याला ठाऊक आहे त्यानेच त्याला शिकवावे, हा त्यातला मथितार्थ होता, असे मला वाटते. आज शिक्षक सर्व जातींतून येतात. पण पगार सुरू झाला, बिऱ्हाड तालुक्याच्या ठिकाणी हलले, की शिक्षक आणि मूल यांच्यामधले अंतर पुन्हा वाढू लागते. जोतीरावांची मागणी आजही माझ्यासारख्यांना उद्देशून आहे.

दार उघडले म्हणजे सगळे झाले, असे मात्र नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर या मुलाचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. हा दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. नाव दाखल झाले, हजेरी लागू लागली. पण बसायला घरून आणलेले गोणपाट, तेही इतरांपासून वेगळे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडावा तेव्हा पाणी. शिपाई नसला तर पाणी नाही. बाबासाहेबांनी स्वतःच हे लिहून ठेवले आहे. म्हणजे मूल शाळेत होते आणि शाळेबाहेरही होते. आजच्या शाळेची परीक्षा करताना हा दाखला जवळ ठेवावा. पटावर किती नावे आहेत, हा पहिला प्रश्न झाला. वर्गात कोण कोठे बसते, हा दुसरा. तपासनीस पहिला विचारतो. गावाने दुसरा विचारावा.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी हे नेमके ओळखले होते. १९१७ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि दोनच वर्षांनी, १९१९ साली, अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. वेगळी शाळा हा काही काळ आधार असतो. पण ती कायमची झाली की तीच भिंत होते. त्याच १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकाच पंगतीला जेवत. समतेचा पाठ त्यांनी फळ्यावर लिहिला नाही. तो चुलीपाशी दिला.

आता आपल्या मराठवाड्याकडे येऊ. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. वरच्या इयत्तांत शिक्षणाचे माध्यम उर्दू. घरी मराठी बोलणारा मुलगा गणित, इतिहास, भूगोल परक्या भाषेत शिके. गणित न आल्यामुळे किती जण मागे राहिले आणि भाषा न कळल्यामुळे किती, याचा हिशोब कोणी ठेवला नाही. मराठी शिक्षणासाठी तेव्हाच्या औरंगाबादेत १९१५ साली सरस्वती भुवनसारखी संस्था उभी राहिली, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांसारख्यांनी योगेश्वरी विद्यालय चालविले, यामागे हीच कळ होती. शाळेत आपली भाषा नसणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राच्या इतर भागांपेक्षा मराठवाड्याला अधिक ठाऊक आहे. ज्या काट्याने आपल्या आजोबा-पणजोबांचा पाय दुखावला, तो काटा आपण दुसऱ्याच्या पायात तर मोडत नाही ना, एवढे पाहणे आपले कर्तव्य ठरते.

कारण आजही आपल्या शाळांत असे मूल आहे. अंबड तालुक्यात बंजारा तांडे आहेत. तांड्यावरचे पोर सहाव्या वर्षी शाळेत येते ते गोरबोली घेऊन. आईला ते 'याडी' म्हणते, भाकरीला 'बाटी' म्हणते. पुस्तकात आई आणि भाकरी. हे शब्द दोन दिवसांत शिकता येतील. पण बाई काही विचारतात, पोर आपल्या शब्दांत उत्तर देते आणि वर्ग खो-खो हसतो. ते हसू त्याच्या कानात वर्षभर राहते. पुढे ते उत्तरच देत नाही आणि पटावर त्याच्या नावापुढे 'अबोल', 'मंद' असा शेरा पडतो. उर्दू घरातल्या मुलाचे असेच. फार कशाला, आपल्या मराठी घरांतही पोर 'का' न म्हणता 'कामून' म्हणते, 'खूप' न म्हणता 'लई' म्हणते. त्यालाही आपण 'अशुद्ध' म्हणून थांबवितो. प्रमाणभाषा मुलांना आलीच पाहिजे. तिच्यावाचून पुढचे दरवाजे उघडणार नाहीत, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. प्रश्न आहे तो वाटेचा. पोराचा शब्द फळ्यावर एका बाजूला लिहावा, पुस्तकातला दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही वर्गाकडून म्हणून घ्यावेत. त्याला काही खर्च नाही. पाठ घेण्याच्या निमित्ताने मी हे करून पाहिले आहे. 'याडी' हा शब्द फळ्यावर चढला तेव्हा मागच्या भिंतीला टेकलेली एक मुलगी पुढे सरकून बसली. पुढे तिने काय शिकावे हे पुस्तक ठरवील. पण ती पुढे सरकली ही शिकण्याची सुरुवात होती. आपल्या राज्यघटनेच्या ३५०-क या अनुच्छेदातही भाषिक अल्पसंख्य गटांतील मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी असाव्यात, असे म्हटलेले आहे. सोय करणे सरकारचे काम. पण शब्दाचा मान राखणे आपल्या हाती आहे.

दुसरे मूल उसाच्या वाटेवरचे. जायकवाडीचे पाणी आले, ऊस आला, अंकुशनगरला कारखाना उभा राहिला; गोदाकाठची सुबत्ता वाढली, हे आपण सगळे अभिमानाने सांगतो. पण त्याच गोदाकाठाच्या अलीकडून आणि पलीकडून, जालन्यातून आणि बीडमधून, दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, जेथे फड असेल तेथे कोपी उभारायची आणि चैत्राच्या आसपास परतायचे. घरात म्हातारे माणूस नसले तर पोरांना मागे कोणाजवळ ठेवणार? ती बरोबर जातात. थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, चूल पेटविते. मुलगा वाढे गोळा करतो. शाळेचे वर्ष जूनला सुरू होते आणि या मुलांचे वर्ष दिवाळीला संपते. पटावर नाव असते. वार्षिक परीक्षेच्या वेळी ते पुन्हा वर्गात येते आणि मागच्या पाच महिन्यांतले काहीही न कळल्यामुळे गप्प बसते. दोन-तीन वर्षे असे झाले म्हणजे चौथा हंगाम संपल्यावर ते शाळेत परतत नाही. मग ते स्वतःच कोयता धरते. मुलगी असेल तर तिचे लग्न लवकर लावले जाते, कारण दोघे मिळून एक कोयता होतो आणि उचल कोयत्यावर मिळते. गरिबीची ही साखळी अशी ओवलेली आहे. आणि तिची एक कडी आपल्या शाळेच्या वर्गात आहे.

यावर उपाय निघालेले नाहीत असे नाही. काही कारखान्यांच्या तळावर साखरशाळा निघाल्या. मुलांनी गावीच राहून शिकावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आली. तिच्यात मूल आजी-आजोबांजवळ राहते आणि दोन वेळच्या जेवणाची सोय होते. स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत सहज घ्यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड आले. बालरक्षक म्हणून काही शिक्षक अशा मुलांच्या घरी जाऊन त्यांना थांबवू लागले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच तरतूद आहे की शाळा सोडल्याचा दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही आणि मागे पडलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात घेऊन खास शिकवावे लागेल. म्हणजे कागदावर वाट आखलेली आहे. पण वसतिगृहाची मंजुरी दिवाळीनंतर आली तर टोळी तोवर निघून गेलेली असते. कार्ड भरले पण बापाला त्याचा उपयोग कोणी सांगितला नाही, तर ते पेटीच्या तळाशी राहते. उसाचे वेळापत्रक आणि सरकारचे वेळापत्रक यांची सांगड घालणारे कोणी तरी गावात असावे लागते. हे काम एकट्या शिक्षकाचे नव्हे. शाळा व्यवस्थापन समितीने गणपतीच्या दिवसांतच यादी करावी : कोणते घर जाणार, कोणते मूल मागे राहू शकते, कोणाची आजी घरी आहे, कोणाला शेजार आहे. दिवाळीच्या आत सोय लागली, तरच ती सोय.

या बाबतीत आपल्याच महाराष्ट्रातला एक धडा फार मोलाचा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या आणि १९५७ साली कोसबादच्या टेकडीवर. भोवती वारली आदिवासींची वस्ती. मुले बालवाडीत येईनात. शहाण्या माणसाने म्हटले असते, यांना शिक्षणाची गोडी नाही. या दोघींनी बालवाडी उचलली आणि मुलांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. मोठी मुले गुरे चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी शाळा कुरणात नेली, ती कुरणशाळा. मुलाने शाळेला जुळवून घ्यावे, असा आग्रह आपण सगळेच धरतो. शाळेनेही मुलाच्या दिशेने चार पावले टाकावीत, हे या दोघींनी करून दाखविले. समावेशक शिक्षणावरचे जाड ग्रंथ मी आता वाचते आहे. १९९४ साली स्पेनमधल्या सालामांका येथे झालेल्या जागतिक परिषदेने मांडलेले तत्त्व, शाळेने सर्व मुलांना सामावून घेण्यासाठी स्वतः बदलावे, हे त्यांत सविस्तर येते. ते वाचताना कोसबादची टेकडी वारंवार आठवते.

तिसरे मूल अपंग, किंवा अलीकडचा रूढ शब्द वापरायचा तर दिव्यांग. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने एकवीस प्रकारचे दिव्यांगत्व मानले आहे आणि मोठे दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. एकवीसांची यादी पाठ करण्यापेक्षा वर्गातल्या दोन-तीन गोष्टी सांगते. ज्या मुलाला कमी ऐकू येते ते बाईंच्या ओठांकडे पाहून अर्थ लावते. फळ्याकडे तोंड करून बोलणारी बाई त्याच्यापुरती मुकी होते. ज्याला कमी दिसते त्याला खिडकीचा उजेड पाठीमागून यावा, डोळ्यांवर येऊ नये. ज्याला चालता येत नाही त्याच्यासाठी पायऱ्यांशेजारी उतार केला, पण उताराच्या टोकाला संडासचे दार अरुंद ठेवले, तर ते पोर दिवसभर पाणी न पिता बसते. आणि एक मूल असे असते की त्याला काही झालेले दिसत नाही. डोळे चांगले, कान चांगले, बोलण्यात हुशार, पण अक्षरे त्याच्यापुढे जागा बदलतात. त्याला आपण आळशी म्हणतो. बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना जास्तीचा वेळ व लेखनिक मिळण्याची सवलत आहे. पण दहावीपर्यंत ते पोचले तर ना! चौथीतच मार खाऊन ते शाळेला घाबरले, तर सवलत कोणी घ्यायची? मारण्याला कायद्याने बंदी आहे. टोमण्यालाही आहे, कारण शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळही निषिद्ध ठरविला आहे. पण टोमण्याचा वळ दिसत नाही, म्हणून तो सर्रास चालतो.

आता तुमच्या मनातला आक्षेप मला ऐकू येतो आहे. "बाई, हे सगळे खरे. पण तीस पोरांचा वर्ग, कधी कधी दोन इयत्ता एका खोलीत, वर सरकारी माहिती भरण्याची कामे. यात प्रत्येकाची निगा राखीत बसले तर हुशार पोरांचे काय? सगळा वर्ग मागे नाही का राहणार?" आक्षेप खोटा नाही. शिक्षकांची पदे रिकामी ठेवायची, त्यांच्यावर नाना कामे लादायची आणि वर समावेशनाचा उपदेश करायचा, हा अन्याय आहे आणि तो बोलून दाखविला पाहिजे. तरीपण आक्षेपाच्या दुसऱ्या भागाविषयी माझे मत वेगळे आहे. कमी ऐकणाऱ्या मुलासाठी मी वर्गाकडे तोंड करून, सावकाश, स्पष्ट बोलले, तर बाकीच्या एकोणतिसांचे नुकसान होते काय? तांड्यावरच्या मुलीसाठी चित्र दाखवून शब्द शिकविला, तर पाटलाच्या मुलाला तो कमी कळतो काय? दोन महिने बाहेर राहून आलेल्या मुलाला हुशार मुलाने गणित समजावून सांगितले, तर सांगणाऱ्याचे गणित पक्के होते. शिकविल्याने विद्या वाढते, हे आपल्याकडे फार जुने वचन आहे. एका मुलासाठी केलेली सोय बहुधा सगळ्या वर्गाच्या उपयोगी पडते.

समान वागणूक या शब्दाचाही आपण घोटाळा करतो. पंगतीत सगळ्यांना सारखे वाढावे हे खरे. पण तान्ह्याला आणि पहिलवानाला चार-चारच भाकऱ्या वाढणारा वाढपी समबुद्धीचा नव्हे, निर्बुद्ध म्हणावा लागेल. पंगत सर्वांची एक असावी, वाढणे ज्याच्या त्याच्या भुकेप्रमाणे. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक शाळांत शिजवलेले अन्न द्यावे असा आदेश दिला, आणि आज शाळेच्या ओट्यावर रोज पंगत बसते. ती भूक भागविते, तशीच शेजारी कोण बसला याची सवय लावते. या पंगतीत कोणी डबा घेऊन दूर बसत असेल, तर शिक्षकाने तिकडे पाहून न पाहिल्यासारखे करू नये.

याहून अवघड गोष्ट आता बोलते. २०२३ च्या उन्हाळ्यानंतर अंतरवाली सराटीच्या निमित्ताने आपली ही पंचक्रोशी साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी झाली. आरक्षणाच्या प्रश्नावर येथे बसलेल्या मंडळींची मते भिन्न असतील, असणारच. तो प्रश्न न्यायालयात, विधिमंडळात आणि सभांत लढविला जावो. माझी विनंती एवढीच की, तो दुसरीच्या वर्गात लढविला जाऊ नये. मोठ्या माणसांची अबोलाची गाठ पोरांच्या बाकापर्यंत येते, हे आम्ही पाठ घ्यायला जातो तेव्हा आम्हाला दिसते. काल एका पाटीवर दोघे लिहीत होते, आज एक जण जागा बदलून मागतो. आणि कारण विचारले की खाली पाहतो. सात वर्षांच्या मुलाला कारण ठाऊक नसते. ते त्याला घरी मिळालेले असते. शिक्षिका म्हणून मी त्यांना पुन्हा शेजारी बसवीन. पण संध्याकाळी घरी गेल्यावर त्याच्या कानावर काय पडते, ते तुमच्या हाती आहे.

शेवटचा प्रश्न शाळांच्या वाटणीचा. १९६६ साली कोठारी आयोगाने शेजारशाळेची कल्पना मांडली : परिसरातल्या सगळ्या घरांतली मुले परिसरातल्या एकाच शाळेत जावीत. ते झाले नाही. आज ऐपत असलेल्याचे मूल पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी शाळेत जाते आणि ज्याला दुसरा इलाज नाही त्याचे मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत उरते. मग त्या शाळेविषयी गावात बोलणारे, भांडणारे, तिचे छप्पर गळते म्हणून तालुक्याला अर्ज नेणारे कोणी राहत नाही. पट घसरतो आणि कमी पटाची शाळा बंद करण्याची किंवा दुसऱ्या शाळेत मिळविण्याची चर्चा सुरू होते. २०२३ मध्ये समूहशाळांचा विचार निघाला तो असाच. तांड्यावरची शाळा तीन मैलांवर गेली, तर पहिला मुलगा जाईलही, पण मुलगी घरी बसेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत किमान पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी ठेवल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून मोकळीक दिली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरविला. वकिली बारकावे मी जाणत नाही. त्या वादाचा गाभा मात्र उघड आहे : श्रीमंताच्या मुलाशेजारी गरिबाचे मूल बसावे की नाही? उपकार गरिबाच्या मुलावर होतो, असे आपण समजतो. मला वाटते, लाभ दोघांचा आहे. जे मूल आयुष्यभर आपल्यासारख्यांतच वाढले, त्याला उद्या अधिकारी, डॉक्टर, सरपंच होऊन ज्यांच्यासाठी काम करायचे ती माणसेच अनोळखी राहतील.

श्रोतेहो, मी कोणती मोठी प्रतिज्ञा करायला येथे उभी नाही. उद्या मला शाळा मिळाली तर तीन गोष्टी करण्याचा माझा निश्चय आहे. पहिल्या आठवड्यात वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन येईन. वर्गात बसण्याच्या जागा दर पंधरवड्याला फिरत्या ठेवीन, म्हणजे मागची भिंत कोणाच्याच वाट्याला कायमची येणार नाही. आणि हंगामाला गेलेल्या मुलाचे नाव हाक मारताना वगळणार नाही. ते कोठे आहे, हे वर्गाला ठाऊक असेल. या लहान गोष्टी आहेत. पण शाळा लहान गोष्टींनीच चालते.

गावाकडून तीन मागते. वर्षातून दोनदा शाळेत या. सत्काराला नको, मधल्या सुट्टीत या. दिवाळीच्या आधी उसाला जाणाऱ्या घरांची यादी शिक्षकांबरोबर बसून करा. आणि आपल्या मुलाला शाळेतून आल्यावर "किती गुण पडले?" असे विचाराल, तेव्हा "आज तुझ्या शेजारी कोण बसले होते?" हेही विचारा. त्याच्या उत्तरावरून तुमची शाळा किती जणांची आहे ते तुम्हाला कळेल.